कमजोर बॉण्डवर शरीर चालतं कसं? डीएनए, एटीपी, फवारणी आणि सिकलसेल

प्रश्न असा आलाय. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे, गाव कुरखेड्याकडचं. ती विचारते, सर, पुस्तकात कोव्हॅलेंट बॉण्ड (दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात तो) मजबूत आणि हायड्रोजन बॉण्ड (हायड्रोजनच्या मार्फत लागणारी ओढ) कमजोर असं लिहिलंय, मग डीएनए न् प्रोटीन हे सगळं कमजोर बॉण्डच्या भरवशावर कशाला, मजबूतच लावला असता तर काय बिघडलं असतं? दुसरं, बायोलॉजीचे सर सांगतात एटीपीचा, म्हणजे पेशीला एनर्जी पुरवणाऱ्या रेणूचा, बॉण्ड तुटला की एनर्जी निघते आणि केमिस्ट्रीचे सांगतात बॉण्ड तोडायला एनर्जी लागते, मग खरं कोणाचं धरायचं? आणि तिसरं, लहान भावाचा सिकलसेलचा रिपोर्ट एसएस (आई-बाबा दोघांकडूनही सिकलचा जीन आलेला) आलाय, डॉक्टर म्हणाले एकच अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतली एक कडी, बदललंय, तर एकट्यानं एवढं कसं होते?

बेटा, तुझे तिन्ही प्रश्न वेगवेगळे दिसतात पण एकाच मुद्द्याचे आहेत. मी बरीच वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये होतो, आता डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) पोट्ट्यांना बायोकेमिस्ट्री शिकवून राहिलो, आणि मला वाटतं हा धडा आपल्याकडे उलट्या बाजूनं शिकवला जाते. बॉण्ड किती मजबूत हे पाठ करून घेतात, पण तो वेळेवर सुटते की नाही हे कोणी विचारतच नाही. शरीरात सगळा खेळ सुटण्याचा आहे.

आधी आकडे पाहू, नाहीतर मजबूत-कमजोर हे नुसते शब्दच राहतात. कार्बन-कार्बनचा सिंगल कोव्हॅलेंट बॉण्ड तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप) साधारण ३५० किलोज्यूल लागतात, ऑक्सिजन-हायड्रोजनचा ४६० च्या आसपास. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बॉण्ड मात्र २० च्या आसपास, आणि दोन अणू नुसते जवळ आले म्हणून जी ओढ लागते, ज्याला व्हॅन डर वाल्स म्हणतात, ती १ ते ४. आता ह्याच्या बाजूला अजून एक आकडा लिहून ठेव. ३७ डिग्रीला रेणू आपोआपच जी धक्काबुक्की करत असतात तिची एनर्जी मोलमागे साधारण २.६ किलोज्यूल. म्हणजे कोव्हॅलेंट बॉण्ड ह्या धक्क्याच्या सव्वाशेपटीहून वर आहे, अंगातल्या उष्णतेनं तो आपोआप तुटणार नाही, त्याला तोडायला एन्झाइमच (रिॲक्शन घडवून आणणारं प्रोटीन) पाहिजे. आणि हायड्रोजन बॉण्ड सात-आठपटच वर, म्हणून तो जुळते, तुटते, परत जुळते. पाण्यातला एक हायड्रोजन बॉण्ड सेकंदाच्या लाख-कोटीव्या हिश्शाच्या आसपासच टिकते, त्यातच तो तुटून दुसऱ्या रेणूशी जुळलेला असते.

आयॉनिक बॉण्डचं थोडक्यात सांगतो. मिठाचा खडा हातात कडक लागते पण पाण्यात टाकला की गेला, कारण पाणी त्या प्लस-मायनसच्या ओढीला जवळपास ८० पट कमी करून टाकते. शरीर पाण्याचंच आहे, त्यामुळे प्रोटीनमध्ये प्लस-मायनसची ओढ असते खरी, पण ती पुस्तकातल्या सोडियम क्लोराइडच्या क्रिस्टलइतकी भारी नसते.

आता डीएनए. त्याच्या एका धाग्यात साखर-फॉस्फेट, साखर-फॉस्फेट असे सगळे कोव्हॅलेंट बॉण्ड आहेत, तिथं निसर्गानं अजिबात कसर ठेवली नाही. ए, टी, जी, सी ह्या अक्षरांचा क्रम ह्याच धाग्यात आहे, तो आपोआप तुटून चालत नाही. पण दोन धागे एकमेकांना धरून आहेत ते हायड्रोजन बॉण्डनं, एटी जोडीत २ आणि जीसी जोडीत ३, शिवाय जोड्या एकावर एक थापीसारख्या बसतात त्याचीही मदत होते, खरं तर टिकाऊपणात त्या थापीचा वाटा मोठा आहे, हे बारावीत कोणी सांगत नाही. (एक गोष्ट, वॉटसन-क्रिकनं १९५३ मध्ये जीसीलाही २ च बॉण्ड दाखवले होते, तिसरा १९५६ मध्ये पॉलिंग आणि कोरीनं दाखवला.) पेशी दोन व्हायची असली की हे दोन धागे सोडवून दोघांची नक्कल काढावी लागते, सुमारे ६०० कोटी जोड्यांची. हेलिकेज नावाचं एन्झाइम ते काम करते, आणि जोड्या कमजोर बॉण्डच्या आहेत म्हणूनच थोड्या एटीपीत ते होऊन जाते. लॅबमध्ये पीसीआर मशीनला (डीएनएच्या नकला काढणाऱ्या) आपण ९५ डिग्री लावतो तेव्हा हेच होते, दोन धागे वेगळे होतात पण एकेक धागा मात्र जसाच्या तसा राहते.

तू विचारलं ना मजबूतच लावला असता तर काय बिघडलं असतं, त्याचं उत्तर कॅन्सरच्या वॉर्डात आहे. सायक्लोफॉस्फामाइड नावाचं औषध आहे, ते डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये कोव्हॅलेंट टाका घालते. मग धागे सुटत नाहीत, पेशीला नक्कल काढता येत नाही आणि ती मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून आधी त्या सापडतात, पण केसांच्या मुळातल्या आणि हाडांच्या मगजातल्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून केस जातात, पांढऱ्या पेशी कमी होतात. डीएनएच्या जोड्या सगळ्याच कोव्हॅलेंट असत्या तर जीव एका पेशीच्या पुढं गेलाच नसता.

पण मग कमजोर बॉण्डवर एवढं मोठं प्रोटीन उभं कसं राहते? संख्येवर. दिवाळीनंतर वावरातून चालत आलं की पायजम्याला गवताची कुसळं लागतात ना, एक कुसळ चिमटीत धरलं की निघते, पण पाचशे लागली तर पायजमा पायाला घट्ट होऊन बसते, तसंच. अल्फा हेलिक्समध्ये, म्हणजे साखळीच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळीत, दर चौथ्या अमिनो ॲसिडशी एक हायड्रोजन बॉण्ड, सगळे मिळून गुंडाळी टिकते. आणि अंडं उकडलं की हेच सगळे बॉण्ड मोडतात, साखळी मात्र तुटत नाही, ती उलगडून दुसऱ्या साखळ्यांत गुरफटते म्हणून पांढरं घट्ट होते. ती साखळी तोडायला पोटात पेप्सिन-ट्रिप्सिनच लागते.

कोव्हॅलेंट बॉण्ड मजबूत म्हणून तिथं सगळं सारखंच, असंही समजू नको. जवारीचा दाणा आणि पऱ्हाटीचा कापूस, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. जवारीच्या स्टार्चमध्ये ग्लुकोज एकमेकांना अल्फा बाजूनं जोडलेलं, कापसाच्या सेल्युलोजमध्ये बीटा बाजूनं, ताकद जवळपास तेवढीच, पण बीटामुळे साखळी सरळसोट होते, सरळ साखळ्या एकमेकींना लागून बसतात, त्यांच्यामध्ये हायड्रोजन बॉण्डची गर्दी होते आणि धागा तयार होते. आपलं अमायलेज अल्फाच ओळखते, म्हणून भाकर पचते. ढोरं कडबा, कुटार पचवतात तेही स्वतःच्या एन्झाइमनं नाही, पोटातले जंतू त्यांच्यासाठी सेल्युलेज बनवतात.

एटीपीचं आता. केमिस्ट्रीचे सर बरोबर आहेत, बॉण्ड तोडायला एनर्जी लागतेच, कोणताही बॉण्ड असो. बायोलॉजीचे सर चूक नाहीत पण अर्धंच सांगून राहिले. एटीपी एकटा तुटत नाही, तो पाण्यासोबत तुटते. जुना बॉण्ड तोडायला काही एनर्जी जाते, पण लगेच पाण्याच्या तुकड्यांसोबत नवे बॉण्ड होतात, वेगळ्या झालेल्या फॉस्फेटला रेझोनन्समुळे (इलेक्ट्रॉन जास्त जागी पसरतात त्यामुळे) जास्त आराम मिळते, आणि तीन फॉस्फेटचे मायनस चार्ज जे खेटून बसले होते ते दूर होतात, पाणी दोघांनाही चांगलं वेढून घेते. सगळा हिशोब केला की स्टँडर्ड कंडिशनला मोलमागे ३०.५ किलोज्यूल बाहेर पडतात, पेशीच्या आत तर ५० च्या आसपास. फ्रिट्झ लिपमननं १९४१ मध्ये ह्या बॉण्डसाठी नागमोडी रेघ वापरली आणि हाय एनर्जी बॉण्ड हे नाव चाललं, तेव्हापासून पोट्ट्यांच्या डोक्यात बसलंय की बॉण्डमध्ये एनर्जी कोंडून ठेवलेली असते. परीक्षेत तू एवढं लिही की एनर्जी बॉण्ड तुटल्यानं नाही, पूर्ण रिॲक्शनमधून निघते. मार्क कापले तर सरांना हा हिशोब कागदावर मांडून दाखव.

आता चुकीच्या जागी मजबूत बॉण्ड बसला तर काय होते ते, कारण ते आपल्या विदर्भानं भोगलंय. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते तुला आठवत असेल. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारची कीडनाशक औषधं आहेत. आपल्या नसेकडून स्नायूला निरोप जाते तो ॲसिटिलकोलीनच्या रूपात, आणि निरोप पोचला की ते लगेच साफ करायला ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम बसलेलं असते. त्या एन्झाइमच्या पोटात सीरीन नावाचं एक अमिनो ॲसिड आहे. ॲसिटिलकोलीन आलं की त्याचा एक तुकडा सीरीनला कोव्हॅलेंट बॉण्डनं चिकटते, हो, कोव्हॅलेंटच, पण पाण्याचा रेणू येऊन तो क्षणात सोडवते, आणि एक एन्झाइम सेकंदाला असे हजारो रेणू साफ करते. औषधाचं फॉस्फेट त्याच सीरीनला चिकटते पण पाण्याला ते सुटत नाही. एन्झाइम तिथंच अडकलं. मग निरोप साचतच जाते, लाळ, घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत पाणी भरल्यासारखं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

ॲट्रोपिन देतात ते हा बॉण्ड तोडत नाही, ते साचलेल्या निरोपाचा काही ठिकाणचा परिणाम अडवते आणि जीव वाचवणारं मुख्य औषध तेच आहे. बॉण्ड सोडवायचं काम पीएएमचं (प्रॅलिडॉक्सिम नावाच्या औषधाचं), पण त्याला वेळेची मर्यादा आहे. सीरीनला चिकटलेल्या फॉस्फेटचा एक तुकडा काही वेळानं गळून पडते, त्याला एजिंग म्हणतात, त्यानंतर बॉण्ड कशानंच सुटत नाही, शरीरानं नवीन एन्झाइम बनवेपर्यंत वाट पाहावी लागते. मोनोक्रोटोफॉससारख्या डायमिथाइल औषधात साधारण पावणेचार तासांतच अर्धं एन्झाइम एज होऊन जाते, डायइथाइल प्रकारात ३३ तासांच्या आसपास लागतात. म्हणून फवारणीवाला चक्कर येते म्हणाला, त्याला घाम-लाळ सुटली, तर सावलीत झोपवून वाट पाहत बसू नका. कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, धुणाऱ्यानं स्वतःचे हात जपा, आणि औषधाची बाटली किंवा निदान तिचं लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठा. बाटलीवरचं नाव पाहिलं की डॉक्टरला कळते समोर काय आहे.

आता भावाचं, आणि हे नीट वाच.

हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा १४१ अमिनो ॲसिडच्या, दोन बीटा १४६ च्या. सिकलसेलमध्ये बीटा साखळीचं ६ वं अमिनो ॲसिड बदललेलं असते, ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन. डीएनएमध्ये पाहिलं तर जीएजी ह्या तीन अक्षरांचं जीटीजी, एवढाच फरक. कोणताही कोव्हॅलेंट बॉण्ड तुटलेला नाही, साखळी पूर्ण आहे, ऑक्सिजनही पकडते-सोडते. पण ग्लुटामेटवर मायनस चार्ज असते, पाण्याला ते आवडते. व्हॅलिनवर नुसता कार्बन-हायड्रोजनचा तुकडा, तेलासारखा, पाणी त्याच्याशी हायड्रोजन बॉण्ड करू शकत नाही. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलते आणि बीटा साखळीवर एक तेलकट खळगी उघडी होते. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन नेमकं त्या खळगीत जाऊन बसते. हा खरं तर बॉण्डही नाही, पाण्याला आपसातले हायड्रोजन बॉण्ड जपायचे असतात म्हणून ते दोन तेलकट जागांना एकमेकांकडे ढकलते. एवढ्याच संबंधावर एकाला एक लागून १४ पदरी दोर तयार होते, आणि तो दोर पेशीला आतून ताणून विळ्यासारखी करून टाकते. ती पेशी बारीक नसांतून वाकून जात नाही, अडकते, आणि मग हाडं-सांधे दुखतात, ज्याला दवाखान्यात क्रायसिस म्हणतात.

फुप्फुसात ऑक्सिजन मिळाला की खळगी बंद होते, दोर विरघळते, पेशी परत गोल होते. कमजोर संबंध आहे म्हणूनच ते शक्य आहे. पण हे पुन्हा पुन्हा झालं की पेशीचं आवरण खराब होते आणि ती कायमची वाकडी राहते, लवकर मरते, म्हणून भाऊ पिवळा दिसत असेल, हिमोग्लोबिन कमी राहत असेल.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स ह्यांनी दाखवलं की ह्या आजाराचं हिमोग्लोबिन विजेच्या ओढीत वेगळ्या वेगानं सरकते, कारण मायनस चार्ज कमी आहे, आणि त्यांनी ह्याला रेणूचा आजार म्हटलं. नेमकं कोणतं अमिनो ॲसिड ते व्हर्नन इनग्रॅमनं १९५६-५७ मध्ये शोधलं. तुझ्या भावाची इलेक्ट्रोफोरेसिस झाली ती ह्याच तत्त्वावरची तपासणी. अल्कलाइन पट्टीवर ए (साधं हिमोग्लोबिन) पुढं पळते, एस (सिकलचं) मागं राहते. दोन्ही पट्टे दिसले तर एएस, म्हणजे वाहक. एसच ठळक, ए नाही, तर बहुतेक एसएस.

त्याच्या आधी गावात जी तपासणी झाली असेल ती सोल्युबिलिटी, आपल्याकडे डीटीटी म्हणतात. छोट्या ट्यूबमध्ये २ मिली रिएजंट घ्यायचं, त्यात बोटातून काढलेलं २० मायक्रोलिटर रक्त सोडायचं, हलवायचं आणि ५ मिनिटं स्टँडला ठेवायचं. रिएजंटमधलं सॅपोनिन पेशी फोडते, डायथायोनाइट ऑक्सिजन खाऊन टाकते, आणि फॉस्फेट एवढं घट्ट असते की हिमोग्लोबिनला पाण्याचा आधार कमी पडते. मग ट्यूबच्या मागं काळ्या रेघांचा कागद धरायचा. साधं रक्त असलं तर लालसर पाण्यातून रेघा स्पष्ट दिसतात. एस असलं तर ट्यूब गढूळ होते, रेघा पुसट होत होत दिसेनाशा होतात, आणि तू जे पाहून राहिली ते म्हणजे व्हॅलिन खळगीत जाऊन साखळ्या-साखळ्यांचे गठ्ठे होणं, उघड्या डोळ्यांनी. ही टेस्ट फक्त एस आहे की नाही एवढं सांगते, एएस की एसएस ते नाही सांगत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, नुकतंच रक्त चढवलेल्या पेशंटला किंवा हिमोग्लोबिन फारच कमी असलेल्याला ती फसवू शकते. कॅम्पमध्ये पॉझिटिव्ह ऐकून घरी रडारड होते म्हणून हे मुद्दाम सांगून राहिलो, पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मशीनवर मोजणारी तपासणी) झाल्याशिवाय काही ठरवायचं नाही.

उन्हाळ्यात त्याच्या पाण्याकडे बारीक लक्ष ठेव. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. घाम वाळताना पाण्याचे हायड्रोजन बॉण्ड तुटतात आणि त्यासाठी लागणारी उष्णता अंगातून जाते, लिटरभर घामाला सुमारे २४०० किलोज्यूल, आपण जिवंत राहतो ते त्यामुळं. पण अंगातलं पाणी कमी झालं की लाल पेशीतलंही कमी होते आणि हिमोग्लोबिन दाटते. दोर तयार व्हायला जो वेळ लागते तो ह्या दाटपणावर भयंकर अवलंबून आहे, थोडंसं दाटलं तरी तो वेळ फार घटते. एरवी पेशी बारीक नसेतून निघून फुप्फुसाकडे परत जाईपर्यंत दोर तयार व्हायला उसंतच मिळत नाही. म्हणून पाणी, ताप लवकर उतरवणं, रोवण्याच्या दिवसात गार पाण्यात तासन् तास उभं न राहू देणं, ह्याला नुसती सांगण्याची गोष्ट समजू नको, हे सगळं त्या वेळेच्या हिशोबात येते.

आणि रिपोर्टमध्ये एफ किती टक्के लिहिलंय ते पाहा. एफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते, ती दोरात नीट बसत नाही आणि दोर वाढू देत नाही. जन्मलेलं एसएस बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते ते ह्याच एफमुळं. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या देतात त्या मुख्यतः हे एफ वाढवायला, डोस डॉक्टरच ठरवतील आणि मधूनमधून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी लागते, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. गोळी चालू असेल तर दुखणं कमी आहे म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. आणि आई-बाबांची, तुझीही तपासणी झाली नसेल तर करून घे. आई-बाबा दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक एसएसची शक्यता असते, आणि तू स्वतः एएस आहेस की एए, हे लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधी माहीत पाहिजे. १ जुलै २०२३ ला सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं तेव्हापासून तपासणी वाढली आहे, गावच्या आशाताईला विचार, ती कॅम्प कधी आहे ते सांगेल. रिपोर्टवर एफचा आकडा नसेल किंवा पट्टे समजत नसतील तर तेवढं लिहून विचार, मी पाहून सांगतो.